वाड्याच्या खोल्या पुन्हा नांदत्या करताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातले देसाई, इनामदार, पाटील, कुलकर्णी घराण्यांचे वाडे आज नातवंडा-पणतवंडांच्या हाती आले आहेत. वतनं गेली, १९७४ च्या भूसुधारणेनंतर जमिनी कुळांकडे गेल्या, आणि ज्या उत्पन्नावर दर उन्हाळ्यात शाकारणी (छपराची कौलं परतून नीट लावणं) व्हायची ते उत्पन्नच आटलं. घरातली मुलं पुणे, बेंगळूर, मुंबईत आहेत. तरीही वाडा पाडावा असं मनापासून फार थोड्यांना वाटतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादा तपशील दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमचा वाडा दुरुस्त होण्यासारखा उरलाय का? बघायला आलेला प्रत्येक जण "पाडा आणि नवीन बांधा" म्हणतो.

ज्याला नवीन बांधकामाचं काम मिळणार आहे त्याचं मत शेवटी विचारात घ्या. आधी स्वतः तीन गोष्टी बघा. अंगणातून छपराची आढ्याची रेघ बघा: ती सरळ आहे की मध्ये बसली आहे? मग ओळंबा घेऊन भिंतींचे कोपरे तपासा, दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील तर तिथे खालून वर रुंद होत जाणारी फट दिसते. तिसरं, तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं दाभणाने टोचून पाहा. तुळई सहसा मधे कुजत नाही, टोकाला कुजते.

भेग जुनी की चालू, हे ठरवायला भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दे. काच तडकली नाही तर ती भेग आजोबांच्या काळचीही असू शकते आणि तिला घाबरायचं कारण नाही. काच तडकली, भिंत पोटाकडे फुगली किंवा छप्पर बसलं असेल तर जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तोवर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. अशा पाहणीत पाडण्यायोग्य निघणारा भाग बहुतेक वेळा एखादी पडवी किंवा मागची न्हाणी असतो. सगळा वाडा क्वचितच.

२. पैसे एका खोलीपुरतेच आहेत. सुरुवात दिवाणखान्यापासून करू का?

नको. त्या पैशात आधी छप्पर, पन्हळी आणि पाण्याच्या वाटा नीट करा. वरून पाणी थांबलं आणि खालून निचरा झाला की बाकीच्या खोल्या दहा वर्षं वाट बघू शकतात. रंगवलेल्या दिवाणखान्यावर गळकं कौल असेल तर एका मृगात सगळं वाया जातं.

त्यानंतरची खोली निवडताना "सुंदर कोणती" याऐवजी "रोज कोणती वापरली जाईल" हे बघा. आमचा सल्ला असा: पुढचा सोपा (दर्शनी ओसरी) आणि त्याला लागून एक झोपायची खोली, शिवाय परड्याच्या (मागच्या अंगणाच्या) बाजूला संडास-न्हाणी. एवढं झालं की घरातलं कुणी ना कुणी मुक्कामाला येऊ लागतं, दारं उघडी राहतात, वारा खेळतो, आणि गळती वेळेत नजरेस पडते. माणूस राहतो ती खोली टिकते.

३. आमच्या भिंती नेमक्या कशाच्या आहेत? एका खोलीत दगड दिसतो, दुसरीत माती.

दोन्ही असू शकतं. सीमाभाग लहान दिसला तरी बांधकामाचं सामान तालुक्यागणिक बदलतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा. तो खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, पण शेवटपर्यंत सच्छिद्र राहतो. निपाणी-चिकोडीकडे काळा दगड: बाहेरून घडीव, आतून अनघड, मधे माती-चुन्याचा भराव. गोकाकच्या बाजूला तिथलाच लालसर दगड. पूर्वेला अथणीकडे पाऊस कमी, म्हणून जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. एकाच वाड्यात जोतं दगडाचं, त्यावर मातीची भिंत आणि माडीला भाजक्या विटा असा क्रमही सर्रास सापडतो.

म्हणून कोणतंही काम सांगण्यापूर्वी प्रत्येक खोलीत नजरेआडच्या कोपऱ्यात, कपाटामागे वगैरे, हातभर गिलावा खरवडून आत काय आहे ते बघा आणि वहीत लिहून ठेवा. गिलावा कोणता लावायचा, वायरिंग कसं करायचं, सगळं त्यावर ठरतं.

४. मेस्त्री म्हणतो चुना जुना झाला, सिमेंट लावू या, शंभर वर्षं बघायला नको. ऐकू का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि सगळ्यांत जास्त वाडे याच उत्तरावर तरतात किंवा जातात. त्यामुळे थोडं सविस्तर.

जुनी भिंत पाणी घेते आणि सोडते. पावसाळ्यात जमिनीतून आणि बाहेरून तिच्यात ओल शिरते, दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की ती गिलाव्यातून बाहेर पडते. चुना आणि माती हे येणं-जाणं होऊ देतात. सिमेंटचं प्लास्टर ते अडवतं. ओल आत कोंडते, आणखी वर चढते, तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. मातीच्या भिंतीत तर पायाजवळचा थर मऊ होऊन खचतो आणि बाहेर सिमेंटचं कवच मात्र ठणठणीत उभं असतं. वरून भिंत छान दिसते आणि एखाद्या पावसात अचानक बसते. जांभ्यावर वेगळा प्रकार होतो: ओलीबरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या मागे साठतात आणि दगडाचा पृष्ठभाग भुगा होऊन सुटतो.

दुसरं कारण ताकदीचं. जुनी भिंत ऋतूप्रमाणे थोडी हलते. चुना तिच्याबरोबर हलतो, बारीक भेग पडलीच तर त्यात विरघळलेला चुना पुन्हा बसून ती काही प्रमाणात स्वतःच भरते. सिमेंट कडक असल्यामुळे भेग त्याच्यात न पडता शेजारच्या मऊ दगड-विटेत पडते.

आधीच्या पिढीने सिमेंट लावलं असेल तर ते काढायची घाई करू नका. जिथे पोकळ वाजतं तिथे हळू छिन्नीने काढा. जिथे घट्ट धरलंय तिथे ओढून काढताना जुनी वीट सोबत येते. पायाकडचा दोन-तीन फुटांचा पट्टा मात्र काढलाच पाहिजे, कारण ओल बाहेर पडायची वाट तीच.

नवीन संडास, पाण्याची टाकी, बाहेरची गटारं यांना सिमेंट खुशाल वापरा. वाद जुन्या भिंतीपुरता आहे.

५. बरं, चुनाच लावायचा. पण तो मिळतो कुठे आणि करतात कसा? आमच्या गावातली चुन्याची घाणी कधीच बंद पडली.

चुनखडी आपल्या जवळच आहे. यादवाड, लोकापूर, बागलकोट हा सगळा पट्टा चुनखडीचा. घेताना भाजलेला कळीचा चुना घ्या, ताजा आणि बंद पोत्यातला; हवा लागून पीठ झालेला चुना उपयोगाचा नाही.

विरवण्यासाठी जमिनीत खड्डा किंवा लोखंडी पिंप घ्या. आधी पाणी भरा, मग त्यात थोडा थोडा चुना टाका. उलट कधीही करू नका: चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून डोळ्यांत जातो. पाणी अक्षरशः उकळतं. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच, आणि लहान मुलं, गुरं त्या अंगणात नकोत. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे मुरू द्या. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

गिलाव्यासाठी एक भाग मुरलेला चुना आणि अडीच ते तीन भाग धुतलेली, खरखरीत वाळू. ओलसर जागी वाळूतला थोडा भाग कमी करून विटेची भुकटी म्हणजे सुरखी घाला, म्हणजे तो ओलीतही घट्ट होतो. हिरडा भिजवलेलं पाणी, गूळ, बेलफळाचा गर, कापलेला ताग या गोष्टी जुने गवंडी घालत. त्यांचा उपयोग खरा आहे, पण प्रमाण चुकून गूळ जास्त झाला तर मुंग्या लागतात आणि गिलावा उशिरा घट्ट होतो. आधी परड्यातल्या भिंतीवर हात-दोन हात नमुना लावून बघा. घाणी नसली तर साधा मॉर्टर मिक्सर चालतो, फक्त मिसळायला भरपूर वेळ द्या.

लावायचा हंगाम दिवाळी ते शिवरात्र. एकेक थर अर्ध्या इंचाच्या आत, आधीचा थर बसल्याशिवाय पुढचा नाही, आणि दहा-पंधरा दिवस ओलं गोणपाट लावून भिंत दमट ठेवायची. चुना हवेतून घट्ट होतो आणि त्याला घाई चालत नाही. मुदतीवर काम मागणाऱ्या ठेकेदाराशी हे आधीच बोलून घ्या.

६. माजघराच्या भिंतीला खालून तीन-चार फूट ओल येते. वॉटरप्रूफिंगवाला इंजेक्शनं द्यायला तयार आहे. द्यावीत का?

आधी बाहेर जाऊन रस्ता बघा. सीमाभागातल्या बहुतेक गल्ल्यांत गेल्या काही दशकांत डांबरावर डांबर, काँक्रीटवर काँक्रीट चढलं आहे. ज्या जोत्याला पूर्वी चार पायऱ्या होत्या तिथे आता दीडच उरली आहे, म्हणजे जोत्याची उंचीच जमिनीत गेली. रस्त्याचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं. तुमच्या हद्दीत भिंतीलगत हातभर रुंद चर खणा, तळाला उतार द्या, खडी भरा आणि पाणी गटारात सोडा. छपराचं पाणी पन्हळीने दूर न्या.

दुसरं कारण घरातच असतं. शेणाची किंवा मातीची जमीन काढून आत सलग चकचकीत टाइल्स घातल्या की जमिनीतली वाफ वर यायला जागा उरत नाही आणि ती भिंतीच्या कडेने चढते. टाइल्स काढणं शक्य नसेल तर भिंतीला लागून वीतभर पट्टी काढून तिथे चुना-खडी भरा.

एवढं करून दोन उन्हाळे थांबा. जाड, आतून भराव असलेल्या दगडी भिंतीत इंजेक्शनचं रसायन सलग पसरत नाही, पैसे मात्र पूर्ण जातात. सिमेंटच्या पट्ट्याबद्दल प्रश्न ४ पाहा.

७. तुळयांना वाळवी आहे. सगळ्या बदलायच्या म्हणजे छप्परच उतरवावं लागेल!

सगळ्या बदलू नका. जुना सागवान आतून किती शाबूत आहे ते आधी बघा: हातोडीने टोका, भरीव आवाज येतो की पोकळ ते ऐका, मग बारीक गिरमिटाने तपासा. वरचा अर्धा इंच खाल्लेला आणि गाभा दगडासारखा, असं फार वेळा निघतं. तिथे तासून, औषध देऊन तुळई ठेवा.

टोक कुजलं असेल तर तेवढं कापून त्याच जातीचं जुनं लाकूड तिरक्या सांध्याने जोडतात, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट देतात. हे काम चालू असताना खालून बल्ल्यांचा टेकू हवा, आणि टेकू थेट फरशीवर न ठेवता आडव्या फळीवर ठेवावा. नवीन टोक भिंतीत बसवताना बाजूंनी बोटभर हवा सोडा. लाकडाभोवती सिमेंट भरून "पॅक" करून टाकणं हीच तुळई कुजायची सुरुवात.

कोरड्या राहणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण दोन-तीन हात द्यावं. पावसात भिजणाऱ्या लाकडात ते टिकत नाही, धुऊन जातं. जांबोटी-चंदगडकडे काजूच्या टरफलाचं तेल वाशांना लावायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे; मात्र ते तेल कातडी भाजतं, उघड्या हाताने लावू नका.

लाकूड कुठून आणायचं? पहिली पसंती मोडलेल्या वाड्यांच्या जुन्या सागवानाला, कारण ते आणखी आकसत नाही. नवीन हवं असेल तर दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोत लिलाव होतात. पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवा.

८. कौलं काढून पत्रा घालावा का? माकडांनी आणि पावसाने जीव नकोसा केलाय.

माकडांचा त्रास खरा आहे आणि तो दर उन्हाळ्यात होणार हे धरूनच चालावं लागतं. तरी राहत्या खोलीवर नुसता पत्रा घालू नका. उन्हाळ्यात खाली बसवत नाही, पावसात बोलणं ऐकू येत नाही, आणि पत्र्याखाली धरलेलं दव वाशांवर ठिबकतं. कौलांची गळती बहुतेकदा फुटलेल्या कौलांपेक्षा खचलेल्या रिपांमुळे (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमुळे) आणि दोन छपरं मिळतात त्या पाणथळीमुळे होते. रिपा सरळ करा, पाणथळीला जाड पत्र्याची पन्हळ घाला, निम्मा प्रश्न सुटतो. जिथे माकडं रोज उड्या मारतात त्या पट्ट्यात कौलांखाली पत्रा आणि वर कौलं, असा दुहेरी उपाय चालतो, फक्त वाशांना ते वजन पेलेल का ते आधी तपासा.

खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली. उतरवलेली चांगली जुनी कौलं फेकू नका, परड्यात रचून ठेवा. तोच साचा पुन्हा मिळेलच असं नाही.

अथणीकडच्या माळवदाला हे लागू नाही. तिथे गवत काढणं, पांढऱ्या मातीचा थर दर उन्हाळ्यात चोपणं आणि पाण्याच्या तोट्या मोकळ्या ठेवणं एवढंच काम. वर सिमेंटचा कोबा ओतू नका. त्याचं वजन खालच्या कडीपाटावर, म्हणजे माळवद पेलणाऱ्या लाकडांवर येतं.

९. काका म्हणतात सगळं पेशवेकालीन करायचं. पण आमच्या माडीला तर रंगीत काचा आणि बिडाचे खांब आहेत. ते काढायचे?

कृपया काढू नका. बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला १८१८ मध्ये. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं हे वाडे वाढत, बदलत राहिले. कँटोन्मेंट आलं, रेल्वे आली, आणि त्यांच्याबरोबर नक्षीच्या फरश्या, काचेची तावदानं, बिडाचे कठडे आले. मंगळुरी कौलं तरी काय? बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना १८६५ मधला. म्हणजे तुमच्या छपरावर ती असतील तर छप्पर त्यानंतर कधीतरी बदललेलंच आहे. पणजोबांनी हौसेने आणलेल्या काचा काढून त्या जागी नव्या "पेशवाई" कमानी बसवल्या तर खरं जाईल आणि नकली येईल. १९८० नंतरची सनमाइका, फॉल्स सीलिंग, लोखंडी शटर मात्र बिनधास्त उतरवा.

१०. देवघर आणि माजघर फार अंधारं आहे. भिंत फोडून खिडकी काढू का?

आधी छपरात दोन-चार काचेची कौलं घालून बघा. बहुतेक खोल्यांना तेवढं पुरतं. पोटमाळा आडवा येत असेल तर आतल्या भिंतीला चुन्याची पांढरी सफेदी करा, चौकाकडच्या दाराच्या वर जाळीचा झरोका असेल तर तो उघडा करा. कितीतरी झरोके मागच्या पिढीने उंदरांमुळे बुजवलेले असतात.

तुळई टेकते त्या जागेखाली खिडकी कधीही काढू नये. आणि अंधारातल्या माजघराचा एक गुण लक्षात घ्या: एप्रिल-मे मध्ये अख्ख्या घरात तेच गार असतं.

११. चुलीच्या खोलीत भिंती-वासे काळेकुट्ट झालेत. कसे साफ करायचे?

वाशांची काजळी मऊ कुंच्याने झाडा आणि तेवढ्यावर थांबा. धुराने त्या लाकडाला किडीपासून जपलं आहे. भिंतीवरची काजळी खरवडूनच काढावी लागते, तिच्यावर चुना किंवा रंग लावला तर पिवळे डाग वर येत राहतात. गॅस आल्यामुळे धूर थांबला, आता त्या वाशांना प्रश्न ७ मधलं औषध लागेल हे ध्यानात ठेवा.

१२. सोप्याच्या खांबांवर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. पेंटर कॉस्टिक सोडा लावून धुऊ म्हणतो.

कॉस्टिकने सागवान काळा पडतो आणि नंतर पॉलिशही नीट धरत नाही. जेलसारखं पेंट रिमूव्हर लावून, नक्षीत लाकडी किंवा बांबूच्या कोरणीने थर उचला. वेळ लागतो, पण खांबाच्या हातांवरची वेलबुट्टी शाबूत राहते.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, तुमचे थर त्याआधीचे. म्हणून कोरडी घासाई किंवा जाळून रंग काढणं टाळा, चांगला मास्क वापरा, खरवड पोत्यात बांधून ठेवा आणि काम संपेपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायका त्या सोप्यात नकोत.

नंतर जवसाचं तेल पातळ हाताने चोळा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात सुटी पसरून वाळवा.

१३. चुना खरवडताना आत रंगीत चित्र दिसलं. आता?

काम तिथेच थांबवा. ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा, कारण कोरड्या गिलाव्यावर डिंक घालून काढलेलं चित्र पाण्याने सुटतं. दिवसाच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, आजूबाजूचा चुना तसाच राहू द्या (तोच इतकी वर्षं चित्राला जपतोय) आणि भित्तिचित्रांचं जतन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला दाखवा. त्याला बोलवायला वर्ष लागलं तरी चालेल. झाकलेलं चित्र थांबू शकतं.

१४. माडीवर अटॅच्ड बाथरूम करता येईल का? सुनेची तेवढी एकच अट आहे.

अट रास्त आहे. फक्त ती लाकडी तक्तपोशीवर बांधू नका. गळती कळेपर्यंत खालच्या तुळया गेलेल्या असतात. परड्याच्या बाजूला भिंतीपासून सुटं, स्वतःच्या पायावर उभं असं दोन मजली न्हाणीघर बांधा आणि माडीच्या आधीच्याच दारातून किंवा खिडकीच्या जागेतून तिथे जायची वाट करा. पाइप सगळे बाहेरून न्या, दिसले तरी हरकत नाही, दुरुस्त करता आले पाहिजेत.

१५. जुन्या लाकडी पट्टीवरचं वायरिंग ठेवावं का?

पट्टी आणि गोल चिनीमातीची बटणं शोभेला ठेवा, वायर सगळी बदला. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) घालाच, कारण कोरडं लाकूड आणि जुनी कापडी वायर यांनी वाडे जळतात. मातीच्या भिंतीत खाच मारू नका, पाइप वरूनच न्या.

१६. २०१९ च्या महापुरात घरात पाणी होतं. पुन्हा आलं तर ओसरल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मलप्रभा, घटप्रभा या काठांवरून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. पाणी उतरताच आत शिरू नका. मातीची भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, कधीकधी दोन-तीन दिवसांनी, बसते. आधी बाहेरून बघा, मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करा, तुळयांना टेकू द्या, मग आत जा.

गाळ ओला असतानाच काढा. दारं-खिडक्या सताड उघडी, पंखे चालतील, पण शेगडी किंवा हीटर लावून भिंत झटपट वाळवू नका, ती तडकते. फुगलेली दारं लगेच तासू नका. वाळली की बरीचशी परत बसतात. गिलावा आणि रंग पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबवा.

१७. परवानगी लागते का? आमचं घर किल्ल्याजवळ आहे.

साध्या गावठाणातल्या घराच्या दुरुस्तीला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत काय लागतं ते विचारून घ्या. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूजवळ मात्र नियम कडक आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर घ्या. अशा संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर हा निषिद्ध भाग, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित भाग. निषिद्ध भागात नवीन बांधकाम होत नाही. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या किंवा कित्तूरजवळच्या देगावच्या मंदिरांजवळ घर असेल तर आधी चौकशी करा. अर्जासोबत घराची जुनी तारीख दाखवणारा उतारा, घरपट्टी, जुने फोटो जोडा.

१८. वाड्यात पाच हिस्सेदार. एक खोली आमची, शेजारची चुलत्यांची, आणि छप्पर सगळ्यांचं. आम्ही आमचीच खोली नीट करू का?

खोली वाटता येते, छप्पर आणि चौकातलं पाणी वाटता येत नाही. एका हिस्सेदाराने आपल्या भागावर स्लॅब ओतला की शेजारच्याची कौलं त्याच्या भिंतीत अडकतात आणि सांध्यातून कायमची गळती लागते. चौकात भिंत घातली तर दोन्ही बाजूंच्या खोल्या कोंदट होतात. हे आम्ही अनेक वाड्यांत पाहिलं आहे आणि त्यानंतर तो वाडा सावरणं फार अवघड जातं.

म्हणून निदान छप्पर, गटार, जोतं आणि दिंडी दरवाजा एवढ्यापुरता लेखी करार करा: दरसाल कुणी किती द्यायचे, काम कुणी बघायचं. करारात बहिणींना आणि आत्यांना धरा. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सा देणारी दुरुस्ती ३० जुलै १९९४ ला आली, ती त्याआधी लग्न झालेल्यांना लागू नव्हती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ती अटही राहिली नाही. त्यांच्या सहीशिवायचा कागद पुढे कोर्टात अडकतो. आणि खरं तर घराची आठवण सगळ्यांत जास्त त्यांनाच असते. कोणता कोनाडा कशाचा होता हे त्यांना विचारा. कागद कन्नडमध्ये नोंदवला तर सही करण्याआधी प्रत्येकाला मराठीत वाचून दाखवा.

१९. एक व्यापारी कोरीव दाराला चांगले पैसे देतो म्हणतो. त्यातूनच बाकीची दुरुस्ती होईल.

दार गेलं की चौकटीच्या वरची भिंत मोकळी होते, गणेशपट्टी सुटते, आणि त्या जागी नवीन दार घालायला मिळालेल्या पैशांतला बराच भाग जातो. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव कामाला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. पैशांची सोय दुसरीकडून करा. मोडलेल्या पडवीचं सुटं लाकूड विकणं वेगळं, पण तेही आधी प्रश्न ७ वाचून.

२०. बळद (भिंतीतली धान्याची कोठी) आणि पेव (जमिनीखालचं धान्याचं कोठार) बंद आहेत. उघडायची आहेत. त्यात गुप्तधन असेल असं आजी सांगायची.

धनापेक्षा हवेची काळजी करा. बंद पेवात धान्य कुजून प्राणवायू संपलेला असतो आणि उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. झाकण काढून एक-दोन दिवस उघडं ठेवा, पंख्याने हवा आत ढकला, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोघं-तिघं उभे राहा. नुसता कंदील सोडून बघणं पुरेसं नाही. शक्य असेल तर अग्निशमन दलाची मदत घ्या.

खरंच काही सापडलं तर हलवू नका. जमिनीत किंवा भिंतीत दडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हा प्रशासनाला द्यावी लागते; लपवणं गुन्हा आहे.

२१. ट्रंकेत मोडी कागद निघाले. कुणाला वाचता येत नाहीत, ठेवून काय उपयोग?

फार उपयोग आहे. वाड्याचा खर्च, कोणत्या साली कुठली खोली बांधली, लाकूड कुठून आलं, हे अशा कागदांत निघतं. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. घडी जबरदस्तीने उघडू नका. फोटो काढा, कोरड्या सुती कापडात बांधून माडीवर ठेवा. मोडी वाचणारे आज पुन्हा तयार होत आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्थेतही विचारता येईल.

२२. खर्चाचा अंदाज कसा काढायचा? ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो.

चौरस फुटाचा दर नवीन स्लॅबच्या घराला ठीक आहे. वाड्यात कामाची खोलीवार यादी करा: किती तुळयांची टोकं, किती रिपा, किती फूट गिलावा. लाकूड मालकाने घ्यावं, मजुरी कामावर द्यावी. तुळई उघडल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून अंदाजाच्या वर चांगली शिल्लक बाजूला ठेवा आणि तीन वर्षांत विभागून काम करा. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच.

२३. आम्ही गणपतीला आणि मे महिन्यात असे वर्षातून दोनदाच येतो. एवढं करून बंद वाडा टिकेल का?

टिकतो, पण किल्ली गावातच कुणाकडे तरी असली पाहिजे, आणि त्याला त्याचे पैसे दरमहा मिळाले पाहिजेत. आठवड्यातून एकदा चौकाकडची सगळी दारं दिवसभर उघडी. पावसाळ्यात मोठ्या सरीनंतर माडीवर एक फेरी, ओलं दिसलं की फोनवर फोटो. गाद्या, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठे बंद खोलीत ठेवू नका, वाळवी तिथूनच सुरू होते. भिंतीवर किंवा पन्हळीत उगवलेला पिंपळ दोन पानांचा असतानाच मुळासकट काढा. वर्षाने तो छिन्नीशिवाय निघत नाही. आणि मे महिन्यातल्या त्या मुक्कामात पहिले दोन दिवस शाकारणीला द्या, पाहुणे नंतर बोलवा.